शेवटचा रकाना

माझं अक्षर चांगलं आहे. ही फुशारकी नाही, तक्रार आहे. ते जरा वाकडंतिकडं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मी शाळेत चित्रकला शिकवायचो आणि शिवाजी पेठेत राहायचो. साठचं दशक संपत आलं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाला तालीम होती आणि तालमीच्या बाहेरच्या भिंतीवर मोठा काळा फळा. पेठेतला माणूस सकाळी दूध आणायला निघाला की आधी त्या फळ्यासमोर थांबायचा. अंत्ययात्रा किती वाजता निघणार, फुटबॉलच्या सामन्यात कोण हरलं आणि कुणामुळं हरलं, कुणाची म्हैस सुटली, सगळं तिथं कळायचं. लिहायचं काम माझ्याकडं होतं. साडेसहाला जाऊन मी ओल्या फडक्यानं फळा पुसायचो आणि रंगीत खडूनं सजवून लिहायचो. खडूचा खर्च तालमीचा. त्या फळ्यावरची बातमी एकदाच खोटी निघाली होती. कुणीतरी अर्धवट ऐकून सांगितलं आणि मी एका जित्याजागत्या माणसाचं निधन लिहून मोकळा झालो. तो स्वतः येऊन फळ्यासमोर उभा राहिला, शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाला, "मास्तर, येळ तेवढी बरोबर घाला, पावणं खोळंबतील." पेठ आठ दिवस हसत होती. म्हणजे लोकांचा त्या फळ्यावर केवढा विश्वास होता ते लक्षात घ्या. खोटं एवढं दुर्मीळ, की त्याची गंमत व्हायची.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणत असू, तेव्हा चंदगड तालुक्यात एका खेड्यात शिक्षिका होती. लग्नानंतर तीनच वर्षांत ती विधवा झाली, ट्रेनिंग केलं आणि जी नेमणूक मिळाली तिकडं निमूट गेली. तिच्या शाळेत सातवीचा वर्ग नवाच सुरू झाला होता. वर्गातली निम्मी पोरं ओढ्यापलीकडच्या वाडीतनं यायची. चंदगडचा पाऊस म्हणजे आपला नव्हे. एकदा लागला की दसऱ्यापर्यंत माणसाचे कपडे वाळत नाहीत. ओढा फुगायचा आणि वाडी चार महिने पलीकडं अडकायची.

म्हणून वाडीचा एक रिवाज होता. दर वर्षी अक्षय तृतीया झाली की घरटी एक माणूस आणि घरटी एक वासा काढायचा आणि चार दिवसांत लाकडी साकव घालायचा. साकव म्हणजे ओढ्यावरचा अरुंद पूल, एका वेळी एक माणूस जाईल असा. मोठा लोंढा आला की तोही वाहून जायचा, पण पाऊस उघडला की पुन्हा घालायचे. पोरांची हजेरी कशीबशी भरायची. हजेरी भरली नाही तर तपासणीचे साहेब सातवीचा वर्ग बंद करणार, हे अक्काला पहिल्याच वर्षी बजावून सांगितलं होतं. म्हणून तिला पक्का, दगडी साकव हवा होता. वाडीचे अर्ज ती लिहून द्यायची आणि उत्तरं तिच्याच शाळेच्या पत्त्यावर यायची. दर उत्तरात एकच वाक्य: सदर कामासाठी तरतूद नाही. तरतूद म्हणजे त्या कामासाठी सरकारनं आपल्या अंदाजपत्रकात बाजूला काढलेला पैसा. तो आहे की नाही हे वाडीनं कुठं जाऊन बघायचं, हे मात्र कुठल्याही उत्तरात नसायचं.

एकदा तर बांधकामाचे ओव्हरसियर मे महिन्यात जागा बघायला आले, त्यांना नुकताच घातलेला लाकडी साकव दिसला, आणि त्यांनी शेरा मारला की साकव अस्तित्वात आहे, नवीन कामाची गरज नाही. वाडीनं घाम गाळून घातलेला साकवच वाडीच्या मुळावर आला.

अक्कानं हे पत्रानं कळवलं. ते पत्र वाचून मी तालमीच्या कट्ट्यावर बसून सरकारच्या नावानं शंख केला. माझा आवाज काही कमी नाही. शेजारी आमच्या गल्लीतले अण्णा बसले होते. बांधकामाच्या एका कार्यालयात हेडक्लार्क, वयानं माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, कोणाच्या अध्यात ना मध्यात. माझी मुंज त्यांच्या दारातल्या मांडवात झाली होती, इतके घरचे.

"मास्तर, गळा कशाला फाडून घेतासा?" ते म्हणाले. "तरतूद हाय का न्हाय ते बुकात छापल्यालं असतंय. बुक बघितलंय का कधी?"

मी बुक बघितलं नव्हतं. असं काही बुक असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी अण्णा बाजार करून आले ते थेट माझ्या घरी. पिशवीत वर मेथीच्या दोन पेंड्या आणि खाली राज्याच्या अंदाजपत्रकाचं, रस्ते आणि पुलांचं, जाडजूड पुस्तक. "सोमवारी धाच्या आत परत पायजे," ते म्हणाले. "आनि माझं नाव कुठं येता कामा न्हाय."

मी उघडलं आणि मला घाम फुटला. मागणी, प्रधान शीर्ष, उपशीर्ष, बारीक टाइप, आणि प्रत्येक कामापुढं आकड्यांचे चार रकाने. मराठीच होतं, पण एका शब्दाला दुसऱ्या शब्दाची ओळख नव्हती. अण्णांनी चहा घेता घेता मला वाचायला शिकवलं. जिल्हा कुठं शोधायचा, चालू कामं कुठं, नवी कामं कुठं. मग त्यांनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"ह्यो बघा. येत्या साली कुठल्या कामाला किती ठरवलंय ते ह्यात असतंय. तुमच्या कामाचा एवढाच."

"आणि हे मधले?"

"ती हापिसवाल्यांची डोकेफोड. लोकांस्नी त्येचं काय करायचं?"

मला ते पटलं. मी स्वतः मास्तर. पोरांना पहिल्या दिवशी फक्त सरळ रेघ शिकवतो, सावल्या नंतर. अण्णाही तसंच करत असतील असं वाटलं.

रविवारभर बसून मी आमच्या जिल्ह्याची कामं वहीत उतरवली आणि सोमवारी पहाटे फळ्याचा अर्धा भाग आखून त्यावर लिहिली. वर मथळा दिला: सरकारी पुस्तकात आपल्याला काय? गावाचं नाव, काम, तरतूद. गावाचं नाव पिवळ्या खडूनं.

काय गर्दी झाली म्हणता! आधी पेठेतली माणसं थांबली, मग पेठेत माळवं, भाजीपाला घेऊन येणारी खेड्यातली माणसं. ज्यांना वाचता येत नव्हतं ती येणाऱ्याजाणाऱ्याला धरायची. "पावणं, आमच्या गावचं काय लिवलंय बघा की जरा." मग त्या पावण्यानं वाचून दाखवायचं. कुणाच्या गावाला रस्ता निघायचा, कुणाच्या ओढ्यावर मोरी. माणूस हरखून जायचा, मागं वळून अनोळखी माणसालाही सांगायचा. त्या गर्दीच्या मागं सायकल धरून उभं राहायला मला फार आवडायचं. सरकारची गुप्त पेटी मी एकट्यानं फोडली, असं मला वाटायचं. बायको म्हणायची, "एवढी ताठ ठेवलीत तर मानेला उसण भरेल, जरा खाली करा."

दोन वर्षं हे चाललं. दर वर्षी पुस्तक आलं की अण्णा मेथीखाली घालून आणायचे. तिसऱ्या वर्षी पान उलटताना अक्काच्या वाडीचं नाव दिसलं. नवी कामं, ओढ्यावर साकव बांधणे, आणि शेवटच्या रकान्यात आकडा. मी ते चारदा वाचलं. मग उठून अण्णांच्या घरी गेलो आणि त्यांच्या पाया पडलो. खरंच पडलो. त्यांनी खांद्याला धरून उठवलं आणि म्हणाले, "माझ्या काय पाया पडतासा? छापलंय सरकारनं."

मे महिन्याच्या सुट्टीत अक्का कोल्हापूरला आली. बरोबर वाडीतली एक मुलगी होती, सहावीत पहिली आलेली, तेरा-चौदा वर्षांची. अक्काचा सगळा जीव त्या मुलीत होता. मुलीच्या वडलांनी अक्काला शब्द दिला होता: वर्ग चालला आणि पोरगी सातवी पास झाली तर तिला ट्रेनिंगला पाठवीन, बाईंच्यासारखी बाई होऊ दे. वर्ग बंद पडला तर मात्र घरात ठेवणार नाही, लगीन लावून देईन. माणूस रोखठोक होता, पण शब्दाचा पक्का, दोन्ही बाजूंनी.

मुलीला मी फळ्यापाशी नेलं. तिनं आपल्या वाडीचं नाव पिवळ्या अक्षरात बघितलं आणि मोठ्यानं वाचलं, मग पुन्हा वाचलं. जवळ उभ्या असलेल्या पैलवानाला म्हणाली, "ही आमची वाडी." तो म्हणाला, "व्हय? मग पेढं कुठं हायत?" तिनं दप्तरातली वही काढली आणि ती ओळ उतरवून घेतली. माझ्यासारखंच अक्षर काढायचा प्रयत्न करत होती, वेलांटी खाली ओढून, माझ्या ढबीनं. मी तिला हात धरून ती वेलांटी नीट दाखवली. तोच कागद वाडीत गेला आणि घरोघर फिरला.

महिना संपायच्या आत अक्काचं पत्र आलं. वाडीत दोन तट पडले होते. एक म्हणत होता, नेहमीसारखा लाकडी साकव घालून घेऊ, पक्का होईल तेव्हा होईल. दुसरा म्हणत होता, अजिबात नको. गेल्या खेपेला साहेबांनी लाकडाचा बघितला आणि 'साकव आहे' म्हणून लिहिलं. आता पैसा पडलाय आणि पुन्हा लाकडाचा दिसला तर पैसा परत जाईल. अक्कानं लिहिलं होतं, "तू त्या तुझ्या माणसाला विचार. नीट विचार."

मी विचारलं. अण्णा कट्ट्यावर शेंगा सोलत बसले होते. वाडीची अडचण मी सगळी सांगितली. त्यांनी दोन शेंगा सोलून होईपर्यंत काही म्हटलं नाही. मग म्हणाले, "साकव दिसला की काम कापत्यात, ह्ये खरं हाय."

"मग घालू नका म्हणून कळवू?"

"मी कोण सांगनार? तुमी शिकल्याली मानसं."

आज त्या दोन शेंगांएवढा वेळ मला घड्याळात मोजून दाखवता येईल. तेव्हा कळलं नाही. मी त्याच संध्याकाळी कार्ड टाकलं: लाकडी साकव घालू नये. निर्धास्त राहा. 'निर्धास्त' शब्दाखाली रेघ मारली.

वाडीनं माझं ऐकलं. काढलेले वासे देवळाच्या मांडवाला लावून टाकले.

पाऊस लागला. बांधकामाचं कुणी आलं नाही. अक्काची पत्रं यायची, शाई पसरलेली. जून गेला, कुणी नाही. जुलैत ओढा असा फुगला की पलीकडच्या माणसाची हाक अलीकडं ऐकू येईना. आता लाकूड घालायचं म्हटलं तरी पाण्यात पाय ठरत नव्हता. मी अण्णांना विचारायचो, ते म्हणायचे, "सरकारी काम, मास्तर. सहा म्हैनं थांब." सगळेच असं म्हणतात, म्हणून मीही ते ऐकून घेत होतो. ऑगस्टात तपासणी झाली. सातवीच्या वर्गात अलीकडची चारच पोरं बसलेली. वर्ग बंद करावा असा शेरा पडला आणि दसऱ्याच्या सुमाराला हुकूम आला. अक्कानं मला त्याबद्दल एकच ओळ लिहिली, "सातवी गेली." खाली सहीसुद्धा नव्हती.

दिवाळीत अण्णांना बढती मिळाली. ते घरी पेढे घेऊन आले. मी दोन खाल्ले.

त्याच हिवाळ्यात शाळेला जायच्या माझ्या वाटेवर, साहेब लोकांच्या बंगल्यांकडं जाणारा खडीचा रस्ता डांबरी झाला. इतकी वर्षं त्या रस्त्यानं माझ्या सायकलीचे सांधे खिळखिळे केले होते. आता सायकल आपोआप पळायची. मी घरी येऊन कौतुकानं सांगितलंही, की सरकार काहीच करत नाही असं नाही हां.

मार्चनंतर नवं पुस्तक यायची वेळ झाली. शनिवार आले आणि गेले. अण्णा मेथी घेऊन जायचे, ती त्यांच्या घरी. शेवटी मी विचारलं तर म्हणाले, "औंदा बुक मिळायचं न्हाय."

माझं डोकं तेव्हा चाललं, एक वर्ष उशिरा. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. मी शहरातल्या वाचनालयात गेलो आणि ग्रंथपालांना भीत भीत विचारलं, राज्याच्या अंदाजपत्रकाचं पुस्तक कुठं बघायला मिळेल. ते म्हणाले, "इथंच. दर वर्षी येतं की आमच्याकडं. मागत कुणी नाही." काचेच्या कपाटातनं त्यांनी चार-पाच वर्षांची पुस्तकं काढून टेबलावर ठेवली. नव्या पुस्तकाची पानं कडेनं जोडलेलीच होती, कुणी कापलेली नव्हती. ग्रंथपालांनी मला लाकडी पट्टी दिली.

वाचनालय माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. तीन वर्षं मी मेथीच्या वासाचं पुस्तक चोरून वाचत होतो, आणि तेच पुस्तक राजरोस कपाटात पडून होतं. याचा मला अजून राग येतो, आणि तो माझाच येतो.

पानं कापून मी अक्काची वाडी काढली. या खेपेला चारही रकाने वाचले, आणि त्यांच्या डोक्यावरचे मथळेही. पहिल्यात दोन वर्षांपूर्वी प्रत्यक्ष झालेला खर्च. दुसऱ्यात गेल्या वर्षी कबूल केलेली रक्कम. तिसऱ्यात तीच रक्कम मध्येच बदलून किती केली ते, म्हणजे सुधारित अंदाज. आणि चौथ्यात येत्या वर्षीचं आश्वासन. साकवाच्या ओळीत दुसऱ्या रकान्यात तो आकडा होता, मी पिवळ्या खडूनं लिहिलेला. तिसऱ्यात आडवी रेघ, म्हणजे काही नाही. चौथ्यातही आडवी रेघ. पान उलटलं तर शहरातल्या कामांत एक नवीन ओळ, साहेबांच्या बंगल्यांकडचा रस्ता, डांबरीकरण. त्याच्या दुसऱ्या रकान्यात रेघ होती आणि तिसऱ्यात आकडा. तोच.

मग मी मागची पुस्तकं उघडली. आधीच्या दोन वर्षांत मी फळ्यावर लिहिलेलं एकेक गाव काढून त्याचा पुढच्या वर्षीचा तिसरा रकाना बघत गेलो. रेघा, रेघा, कुठंतरी निम्मी रक्कम, पुन्हा रेघा. ज्या ज्या माणसाला गर्दीत हरखलेला बघून मी मान ताठ केली होती, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या गावापुढं आडवी रेघ होती. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आणि वाढपी मी.

मी तसाच अण्णांच्या घरी गेलो. चप्पल काढायचंही भान नव्हतं. ते झोपाळ्यावर बसले होते. मी विचारलं, "साकवाचा पैसा रस्त्याला गेला हे तुम्हाला केव्हा कळलं?"

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. हे मला अजून कळत नाही, त्यांनी निदान खोटं तरी बोलायचं होतं. "पैसा तिकडं वळवायची टिप्पणी मीच लिवली की," ते म्हणाले. "एप्रिलात. सायबानी सांगितलं, लिवली."

एप्रिल. म्हणजे मी पाया पडलो तेव्हा त्यांच्या टेबलावर ती टिप्पणी होती. ती पोरगी फळ्यावरून ओळ उतरवून घेत होती तेव्हा टिप्पणी वर साहेबांकडं गेली होती. शेंगा सोलत होते तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं.

"मग मला पुस्तक कशाला दिलंत?"

"बुक खोटं हुतं काय?"

"अण्णा, कशाला दिलंत?"

त्यांनी झोपाळा पायानं थांबवला. "मास्तर, त्या तालुक्यातनं अर्जावर अर्ज येत हुतं. सह्यांचं, अंगठ्यांचं. कुनीतरी सभागृहात प्रश्न टाकला असता. तुमच्या फळ्यावर नाव आलं की मानूस गप बसतंय, हे म्या पयल्याच वर्साला बघितलं. फळा झाल्यापास्नं अर्ज निम्म्यावर आलं, खरं सांगतो. सायेब बी खूष, लोक बी खूष."

मला ओरडायचं होतं. साऱ्या पेठेला ऐकू जाईल असा आवाज देवानं मला दिलाय, आणि त्या वेळी तो फुटलाच नाही. मी एवढंच म्हणालो, "केसानं गळा कापलात अण्णा." ते म्हणाले, "बसा, च्या घ्या." आत त्यांच्या बायकोनं कप मांडल्याचा आवाज आला. मी बाहेर पडलो. त्यांनी मला तीन वर्षांत एकही खोटं वाक्य सांगितलं नव्हतं. मी रस्त्यानं जाताना एकेक वाक्य आठवून तपासत होतो आणि सगळी खरी निघत होती.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर काही लिहिलं नाही. तालमीचे लोक विचारायला आले, तर म्हटलं हात दुखतोय.

मे महिन्यात मी एसटीनं अक्काच्या गावी गेलो. मला वाडीला सगळं समजावून सांगायचं होतं. पुस्तक कसं वाचायचं, चार रकाने कुठले, पैसा कसा आणि कुठं गेला. अक्का मला स्टँडवर घ्यायला आली नाही. शाळेच्या पायरीवर बसली होती. मी जवळ गेलो तर तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि म्हणाली, "पोरीचं लग्न झालं गेल्या महिन्यात. बेळगावच्या बाजूला दिली." आणि तांब्या परत घेताना, "जाताना माझ्याकडं आली होती. रडली नाही. मलाच रडू आलं."

संध्याकाळी वाडीतली माणसं शाळेत जमली. ओढ्याला तेव्हा पाणी नव्हतं, दगडांवरनं चालत आली. त्यांची बोली आमच्यापेक्षा वेगळी, अर्धी कोकणीकडं झुकलेली. ती मला धड लिहिता येत नाही, म्हणून आमच्या बोलीत लिहितो. मी फळ्यावर चार रकाने आखले. सवयीनं पट्टी न घेताही रेघा सरळ आल्या. कोणत्या रकान्यात काय असतं ते लिहिलं. साकवाची ओळ लिहिली, खाली रस्त्याची ओळ लिहिली, एकातनं दुसऱ्यात बाण काढला. अण्णांचं नाव सांगितलं नाही, पण बाकी काही लपवलं नाही. कार्ड मी लिहिलं, रेघ मी मारली, तेही सांगितलं. कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या मुलीचे वडील खिडकीपाशी भिंतीला टेकून बसले होते. ते उठून फळ्याजवळ आले. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी चारही रकान्यांवरनं सावकाश बोट फिरवलं.

"मास्तर, ह्यातला खरा कंचा?"

मी पहिल्या रकान्यावर हात ठेवला. "हा. प्रत्यक्ष खर्च झालेला. बाकीचे बदलू शकतात."

"मग आमच्या साकवाचं खरं काय ते ह्यात कधी येनार?"

"पुढच्या वर्षीच्या पुस्तकात. प्रत्यक्षाचा आकडा दोन वर्षांनी छापतात."

मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातनं एक घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. वहीचं पान होतं. वाडीचं नाव, ओढ्यावर साकव बांधणे, आणि माझ्यासारखी खाली ओढलेली वेलांटी.

"तिला दोन वर्सं न्हवती की," ते म्हणाले.

मग बाकीच्यांना म्हणाले, "उद्या वासं तोडाय जायचं. घरटी एक मानूस." माणसं उठली, एकेक करून बाहेर पडली.

मी खडू हातात घेऊन तसाच उभा होतो. अक्कानं तो कागद उचलला, आपल्या हजेरीपुस्तकात ठेवला आणि कोपऱ्यातलं फडकं माझ्याकडं टाकलं.

"फळा पूस," ती म्हणाली.